गाठ काढावी की हसू राखावे?

सकाळी उठून चूळ भरावी, तो पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळून जावे. आरशात पाहावे, तो अर्धा चेहरा आपला आणि अर्धा परक्याचा वाटावा. डोळा मिटू म्हटले तर मिटू नये आणि हसू म्हटले तर तोंड एकीकडेच ओढले जावे, असा प्रसंग ज्याच्यावर येतो त्याची आणि त्याच्या घरच्या मंडळींची पाचावर धारण बसते. शेजारच्या आजीबाई "तोंडावरून वारे गेले हो!" म्हणून हळहळतात. कोणी तेल चोळावयास सांगतो, कोणी गरम कपडा गुंडाळावयास सांगतो, आणि कोणी तर एखाद्या गावचे नाव घेऊन तेथल्या 'हमखास गुण देणाऱ्या' माणसाचा पत्ताही देतो.

वास्तविक यातल्या बहुतेकांनी एवढे घाबरण्याचे कारण नसते. एका रात्रीत असे वाकडे झालेले चेहरे बहुधा आपोआप सरळ होतात. परंतु या गर्दीत एखादाच चेहरा असा निघतो, की तो एका रात्रीत वाकडा झालेला नसतो. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, नकळत ढिला पडत आलेला असतो. अशा चेहऱ्यामागे, कानाच्या हाडाच्या आत, वाटाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान अशी एक गाठ दडलेली असू शकते. गाठ म्हटली की आपल्या पोटात गोळा उठतो. पण ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती शरीरभर पसरत नाही आणि सहसा जिवावर उठत नाही. असे असूनही शस्त्रवैद्याला तिच्याएवढा पेच फार थोड्या गाठी घालतात. कारण ती ज्या तंतूवर बसलेली असते, तोच तंतू आपल्याला हसवीत असतो. गाठ काढावयाची तर बहुधा तो तंतूही तोडावा लागतो. मग गाठ काढावी, की हसू राखावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकाने फार मोठी मजल मारली आहे, आणि गंमत अशी की त्या उत्तराचा मोठा भाग 'केव्हा हात लावू नये' हे शिकण्यात आहे.

एका तारेचा प्रवास

मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या बाहेर पडतात. त्यांतली सातवी जोडी चेहऱ्याची. उजव्या बाजूचा तंतू उजव्या अर्ध्या चेहऱ्याचा धनी, डाव्या बाजूचा डाव्याचा. एकेका तंतूत सुमारे दहा हजार सूक्ष्म धागे असतात. कपाळाला आठी घालणे, डोळा मिटणे, शीळ घालणे, फुंकर मारणे, हसणे, या साऱ्या हालचालींचे हुकूम या धाग्यांतून धावतात.

वाचकांनी कानाच्या पाळीमागे बोट लावून पाहावे. तेथे एक टणक उंचवटा हाताला लागतो. हा शंखास्थीचा, म्हणजे कानाच्या हाडाचा भाग. मेंदूतून निघालेला सातवा तंतू प्रथम ऐकण्याच्या आठव्या तंतूच्या गळ्यात गळा घालून चालतो, आणि मग या शंखास्थीतल्या एका अरुंद बोगद्यात शिरतो. हा बोगदा जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा. पण हाडाच्या नळीतून एवढा लांब प्रवास करणारा दुसरा मज्जातंतू आपल्या शरीरात नाही. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएल फॅलोपियो याने या बोगद्याचे वर्णन केले. स्त्रियांच्या बीजवाहिन्यांना ज्याचे नाव मिळाले, तोच हा गृहस्थ. बोगद्याची सर्वांत अरुंद जागा पाऊण मिलिमीटरहूनही कमी रुंद असते. तेथे तंतूला अंग चोरूनच पुढे सरकावे लागते.

त्यापुढे तो एकदम गुडघ्यासारखा वाकतो. या वळणाला शरीरशास्त्रज्ञांनी 'छोटा गुडघा' असेच नाव दिले आहे. येथून डोळ्यांत पाणी आणणारी एक शाखा निघते. पुढे कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या इवल्याशा हाडाला सांभाळणाऱ्या स्नायूकडे एक शाखा जाते. मोठा आवाज झाला की हा स्नायू ते हाड आवरून धरतो. आणखी एक शाखा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे पोहोचवते. शेवटी कानाच्या पाळीखाली हाडाबाहेर पडून हा तंतू लाळेच्या मोठ्या ग्रंथीत शिरतो. गालगुंड झाल्यावर सुजते तीच ही ग्रंथी. तिच्या पोटात त्याला पाच फाटे फुटतात आणि हाताच्या पाच बोटांप्रमाणे ते कपाळापासून मानेपर्यंत पसरतात.

एवढा भूगोल सांगण्याचे कारण असे, की या रस्त्यावर गाठ कोठेही होऊ शकते. आणि ती कोठे आहे त्यावर रोग्याला काय जाणवेल आणि वैद्याने कोणत्या वाटेने जावे, हे दोन्ही ठरते.

बेलचा वारा आणि गाठीचा वारा

चेहऱ्याचा पक्षाघात माणसाला नवा नाही. आपल्या चरक-सुश्रुतांनी 'अर्दित' या नावाने त्याची नोंद वातव्याधींमध्ये केली आहे. युरोपात त्याला नाव मिळाले ते सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्याचे. बेल हा जितका शस्त्रवैद्य तितकाच चित्रकार. चित्रकारांसाठी चेहऱ्यावरील भावांचे शरीरशास्त्र सांगणारा ग्रंथ त्याने 1806 साली प्रसिद्ध केला. 1815 साली वॉटर्लूच्या लढाईतील जखमींवर त्याने शस्त्रक्रिया केल्या. आणि 1821 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या तंतूविषयीचे आपले निष्कर्ष मांडले. कारण नीट न सापडणाऱ्या, अचानक येणाऱ्या चेहऱ्याच्या पक्षाघाताला आजही 'बेलचा पक्षाघात' म्हणतात. दर लाख माणसांमागे वर्षाला वीस ते तीस जणांना तो गाठतो. हाडाच्या त्या अरुंद बोगद्यात तंतू सुजतो आणि आवळला जातो, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते.

या बेलच्या पक्षाघाताचा स्वभाव ओळखण्यासाठी डेन्मार्कमध्ये पायटर्सन या डॉक्टरांनी फार चिकाटीचे काम केले. कोणताही औषधोपचार न घेतलेल्या सतराशे रोग्यांचा त्यांनी पाठपुरावा केला आणि 2002 साली आपला हिशेब प्रसिद्ध केला. शंभरांपैकी पंच्याऐंशी रोग्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांच्या आत काही ना काही हालचाल परतली. उरलेल्यांच्या चेहऱ्यावर ती तीन ते पाच महिन्यांत परतली. एकाहत्तर टक्के रोगी पूर्ण बरे झाले. पुढे 2007 साली बेलच्याच स्कॉटलंडमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखविले, की पहिल्या तीन दिवसांत प्रेडनिसोलोन सुरू केले तर नऊ महिन्यांनी चौऱ्याण्णव टक्के रोगी बरे असतात. ते न दिलेल्यांत हे प्रमाण ब्याऐंशी टक्के होते. म्हणून तोंड वाकडे होताच तेल आणि तोडगे यांत दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, हे उत्तम.

पायटर्सन यांच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. बेलचा पक्षाघात झटकन येतो, दोन-तीन दिवसांत त्याचा कडेलोट होतो आणि मग तो उताराला लागतो. तेव्हा जो चेहरा तीन आठवड्यांनंतरही अधिकाधिक ढिला होत चालला आहे, किंवा चार-पाच महिने उलटूनही ज्याच्यावर हालचालीची एक रेषाही उमटलेली नाही, त्याला 'बेल' म्हणून सोडून देणे ही चूक होय.

'श्वान'ची गाठ

चेहऱ्याच्या तंतूवर होणाऱ्या निरुपद्रवी गाठींपैकी सर्वांत अधिक आढळणारी गाठ म्हणजे श्वानोमा. नाव ऐकून कोणी दचकू नये. कुत्र्याचा येथे काही संबंध नाही. थेओडोर श्वान हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसे मज्जातंतूच्या धाग्यांभोवती काही पेशींचे वेष्टन असते. त्या पेशींना श्वानचे नाव मिळाले, आणि त्या पेशी वाजवीपेक्षा अधिक वाढून जी गाठ होते ती श्वानोमा. ती फार सावकाश वाढते. कित्येक गाठी वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच राहतात. त्यामुळे दाब वाढत असतानाही तंतूचे धागे जमवून घेत राहतात, आणि गाठ बरीच मोठी होईपर्यंत चेहरा शाबूत राहू शकतो.

दुसरी गाठ रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्याची. ती बहुधा त्या छोट्या गुडघ्यापाशी होते. तिचे वागणे अगदी उलटे. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी ती चेहरा लुळा पाडू शकते. म्हणजे मोठी गाठ आणि हसरा चेहरा, लहान गाठ आणि लुळा चेहरा, असा हा उफराटा न्याय आहे. चेहरा किती वाकडा यावरून गाठ केवढी याचा अंदाज बांधता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

निदान: काळ, फोटो आणि छायाचित्रण

निदानाची वाट समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दादरच्या एका शाळेत शिकविणाऱ्या, बेचाळीस वर्षांच्या एक बाई आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा डोळा लवू लागला. स्त्रियांचा डावा डोळा लवला तर शुभ, म्हणून घरात कोणी ते मनावर घेतले नाही. मग गालही मधूनमधून फडफडू लागला. पुढे डाव्या कानाला टेलिफोन लावला तर शब्द नीट कळेनासे झाले. त्या फोन उजव्या कानाला लावू लागल्या. पुतणीच्या लग्नातले फोटो आले तेव्हा प्रथम कोणाच्या तरी लक्षात आले, की बाईंचे हसू एका बाजूला कमी पडते आहे.

जाणता डॉक्टर बाईंना तपासण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घेईल आणि घरातला फोटोंचा आल्बम मागून घेईल. पाच वर्षांतले हसरे फोटो ओळीने मांडले, की चेहरा एका रात्रीत बदलला की हळूहळू, हे कोणत्याही यंत्राइतके स्वच्छ दिसते. मग तो बाईंना कपाळाला आठ्या घालावयास सांगेल. मेंदूतल्या रक्तस्रावाने किंवा गुठळीने जो पक्षाघात होतो, त्यात ओठ वाकडा झाला तरी कपाळाला आठी पडते. कारण कपाळाच्या दोन्ही बाजूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम मिळतो. तंतूच दबला असेल तर कपाळही गुळगुळीत राहते. (घरातल्या मंडळींनी मात्र या खुणेवर विसंबून राहू नये. तोंड अचानक वाकडे झाले आणि त्याबरोबर हातापायाची शक्ती गेली किंवा बोबडी वळली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.)

त्यानंतर चेहऱ्याची प्रत ठरते. 1985 साली हाउस आणि ब्रॅकमन या अमेरिकन डॉक्टरांनी सहा पायऱ्यांचे एक माप प्रसिद्ध केले. जगभरचे कानाचे डॉक्टर आजही ते वापरतात. पहिली पायरी म्हणजे चेहरा अगदी ठणठणीत. दुसरीवर किंचित कमजोरी, तीही निरखून पाहिले तरच दिसणारी. तिसरीवर ती सहज दिसते, पण जोर लावला तर डोळा पुरता मिटतो. चौथीवर डोळा मिटेनासा होतो. सहावीवर चेहरा पूर्ण लुळा. हे माप नीट लक्षात ठेवावे; पुढचा सारा हिशेब याच पायऱ्यांवर होणार आहे.

मग ऐकण्याची तपासणी, स्नायूंना मिळणाऱ्या विजेच्या संदेशांची तपासणी, आणि शेवटी छायाचित्रण. पूर्वी डोळ्यांत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजत आणि जिभेची चव पाहत, आणि त्यावरून बोगद्यात अडथळा कोठे असावा याचा तर्क करीत. 1971 साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड याच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे सी. टी. चित्र काढले, आणि पुढे चुंबकीय चित्रणाचे, म्हणजे एम. आर. आय.चे, यंत्र आले. तेव्हापासून तर्काची जागा चित्राने घेतली. सी. टी. हाड दाखविते: श्वानोमा असेल तर बोगदा गुळगुळीतपणे रुंदावलेला दिसतो; रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर हाड मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार दिसते. एम. आर. आय. प्रत्यक्ष गाठ दाखवितो. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध दिले की गाठ दिव्यासारखी उजळते. मात्र चित्र काढताना मेंदूपासून थेट लाळग्रंथीपर्यंत तंतूचा सारा रस्ता पाहावयास हवा. नुसता 'मेंदूचा एम. आर. आय.' करून "काही नाही" असा निर्वाळा मिळालेल्या रोग्याची लहानशी गाठ निसटून गेलेली असू शकते.

एक गोष्ट मात्र येथे करावयाची नसते. इतर गाठींचा तुकडा काढून तपासतात. या गाठीचा सहसा काढत नाहीत. कारण तुकड्याबरोबर हसण्याचे धागेही तुटतात.

हाडाच्या आत शिरणारी माणसे

लुळ्या चेहऱ्यावर शस्त्र चालविण्याचे धाडस प्रथम केले ते लंडनच्या सर चार्ल्स बॅलन्स यांनी, 1895 साली. त्यांनी चेहऱ्याचा तंतू खांद्याच्या तंतूला जोडला. चेहरा हलू लागला खरा, पण अशा जोडात हसावयाचे तर खांदा उडवावा लागतो! जर्मनीत कोर्टे यांनी 1901 साली खांद्याऐवजी जिभेच्या तंतूचा आधार घेतला. ती युक्ती आजही उपयोगी पडते. 1927 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्लिंग बनेल यांनी कानाच्या हाडाच्या आत तुटलेला तंतू शिवून दाखविला. आणि बॅलन्स? पंचाहत्तरी गाठलेल्या या म्हाताऱ्याने अमेरिकेत जाऊन आर्थर ड्यूएल यांच्याबरोबर प्राण्यांवर प्रयोग केले, आणि दुसऱ्या तंतूचा तुकडा मध्ये बसवून चेहऱ्याची तार जोडता येते, हे 1932 साली जगापुढे मांडले.

पण उघड्या डोळ्यांनी असले काम किती करणार? 1921 साली स्टॉकहोमच्या कार्ल-ओलोफ निलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक आणला. 1953 साली झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठी खास बनविलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आला. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस हे मूळचे दंतवैद्य. दातांच्या डॉक्टराजवळ असते तसले गरगर फिरणारे कोरणीचे यंत्र आणि हा नवा सूक्ष्मदर्शक यांची त्यांनी सांगड घातली. 1961 साली त्यांनी कानाच्या वरून, मेंदूला हळूच उचलून धरून, ऐकण्याची शक्ती न गमावता या बोगद्याच्या आरंभापर्यंत पोहोचण्याची वाट प्रसिद्ध केली. आज पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही शस्त्रवैद्य कोरणी चालवीत असतो, आणि त्याच वेळी चेहऱ्याच्या स्नायूंना लावलेले यंत्र, तंतूला धक्का लागताच, आवाज करून त्याला सावध करते.

दुसरी देऊन तिसरी घ्यावी काय?

वाट सापडली, साधने आली, आणि मग खरा पेच उभा राहिला. आपल्या कल्पित बाईंकडेच परत वळू. त्यांच्या चित्रात छोट्या गुडघ्यापाशी एक श्वानोमा दिसला आहे. बाई काकुळतीला येऊन म्हणतात, "डॉक्टर, एकदाची काढून टाका हो ती. डोक्यात गाठ घेऊन मला झोप कशी लागावी?"

डॉक्टर म्हणतात, "बाई, आज तुमचा चेहरा दुसऱ्या पायरीवर आहे. मी गाठ काढली, तर बहुधा तिच्याबरोबर तंतूही जाईल आणि उद्या चेहरा सहाव्या पायरीवर उतरेल. मी तेथे दुसरा तंतू जोडीन. सारे काही मनासारखे जमले, तर वर्ष-दीड वर्षाने तुम्ही तिसऱ्या पायरीवर याल. त्याहून वर मी तुम्हाला नेऊ शकत नाही. कोणीच नेऊ शकत नाही. दुसरी देऊन तिसरी घेण्याचा सौदा तुम्ही कराल काय?"

या विषयाचा सारा गाभा या एका प्रश्नात आहे. तंतूची जोडणी कितीही सुबक झाली तरी तिची उत्तम फलश्रुती तिसरी पायरी हीच असते. म्हणून चेहरा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असेपर्यंत आज बहुतेक अनुभवी शस्त्रवैद्य श्वानोमाला हात लावत नाहीत. पहिला एम. आर. आय. सहा महिन्यांनी, पुढे वर्षाकाठी एक, असा पहारा ठेवतात. चेहरा तिसऱ्या पायरीच्याही खाली घसरू लागला, की सौद्याचे पारडे फिरते. आता देण्यासारखे फारसे उरलेले नसते आणि मिळण्यासारखे पुष्कळ असते.

पण थांबावयाचे म्हणजे वाटेल तितके थांबावयाचे नव्हे. चेहरा पूर्ण लुळा होऊन वर्षभर किंवा अधिक काळ गेला, तर हुकूम न मिळालेले स्नायू वाळू लागतात. मग उत्तम जोडणी करूनही फळ उणे येते. घाई केली तर असलेले हसू जाते आणि फार उशीर केला तर मिळणारे हसू हुकते. या दोहोंच्या मधली वेळ साधणे हेच शस्त्रवैद्याचे कसब.

या नियमाला अपवादही आहेत. गाठ वाढून मेंदूच्या देठाला दाबू लागली, किंवा ती झपाट्याने मोठी होऊ लागली, तर चेहरा सरळ असला तरी थांबून चालत नाही. आतल्या कानाचे हाड पोखरले जाऊन ऐकणे धोक्यात आले, तर हिशेब नव्याने मांडावा लागतो. रक्तवाहिन्यांच्या गाठीचा हिशेबही थोडा निराळा. ती लवकर हाती लागली तर कधी कधी तंतू न तोडता सोलून काढता येते. उशिरा ती धाग्यांत शिरून बसते. म्हणून तिच्या बाबतीत शस्त्रवैद्य लवकर शस्त्र उचलण्याकडे झुकतात.

थांबणे आणि तोडणे यांच्या मध्येही दोन वाटा आहेत. एक म्हणजे गाठ तशीच ठेवून भोवतालच्या बोगद्याचे छप्पर उतरविणे. गाठीला फुगावयास जागा मिळाली की तंतूवरचा दाब कमी होतो आणि चेहरा आणखी काही वर्षे टिकू शकतो. दुसरी वाट किरणांची. स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल यांनी 1951 साली ही कल्पना मांडली. नाना दिशांनी आलेले किरण एकाच ठिकाणी केंद्रित करून गाठीची वाढ थांबवावयाची. गाठ नाहीशी होत नाही, पण पुष्कळांत ती वाढावयाची थांबते. चेहऱ्याला आणि ऐकण्याला यातही काही धोका असतोच; तो डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावा.

कधी कधी ही गाठ डॉक्टरांनाही चकवते. ऐकण्याच्या तंतूची गाठ किंवा लाळग्रंथीची साधी गाठ समजून शस्त्रक्रिया सुरू करावी, आणि आत पाहावे तो चेहऱ्याचा तंतू थेट गाठीतच शिरलेला! रोग्याचा चेहरा सरळ असेल, तर अशा वेळी गाठ तशीच ठेवून जखम शिवून टाकणे आणि रोगी शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी बोलणे, हेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. रोग्याला न विचारता त्याचे हसू कापून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

चेहऱ्याला कलम

आंब्याचे कलम आपल्याला परिचित आहे. तंतूचे कलमही जवळजवळ तसेच. गाठ काढल्यावर तंतूची दोन टोके उरतात. त्यांच्यामधले अंतर भरण्यासाठी मानेतला, कानाच्या पाळीला स्पर्श जाणवून देणारा तंतू घेतात. किंवा जास्त लांबी हवी असेल तर पायाच्या पोटरीतला. त्यामुळे कानाची पाळी किंवा पावलाची बाहेरची कड बधिर राहते. हसण्यासाठी एवढी किंमत फार नव्हे. केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, टोकाला टोक भिडवितात.

पण हे कलम आपण हुकूम वाहून नेत नाही. ते फक्त रस्ता देते. मूळ टोकातून नवे धागे फुटतात आणि या रस्त्याने दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. कानापासून ओठांपर्यंतची मजल गाठण्यास त्यांना महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर पहिली हालचाल दिसण्यास बहुधा सहा महिने ते वर्ष लागते. तोवर आरशात काहीच बदल दिसत नाही, आणि या काळात रोग्याचा आणि त्याच्या घरच्यांचा धीर कसाला लागतो. "काहीच उपयोग झाला नाही" हे वाक्य घरात कोणीही पहिल्या वर्षात उच्चारू नये.

नवे धागे कधी वाटही चुकतात. ओठाकडे निघालेला धागा डोळ्याकडे जातो, आणि मग माणूस हसला की डोळा मिटतो. लाळेसाठी निघालेला धागा अश्रुग्रंथीकडे गेला, तर जेवताना डोळ्यांतून पाणी वाहते. वैद्यकाने याला 'नक्राश्रू' असेच नाव दिले आहे. आरशासमोर बसून शिकविलेले व्यायाम सावकाश आणि नेमाने केल्यास, आणि गरज पडल्यास बोट्युलिनम या औषधाच्या सुया घेतल्यास, ही चुकामूक पुष्कळ आटोक्यात येते. मेंदूकडचे टोकच उरले नाही तर जिभेचा किंवा चावण्याचा तंतू मदतीला घेतात. आणि स्नायू वाळूनच गेले असतील तर 1976 साली जपानच्या हारी यांनी दाखविल्याप्रमाणे मांडीतला एक स्नायू गालात आणून बसविता येतो. म्हणजे उशीर झालेल्या रोग्यालाही दार अगदी बंद झालेले नसते.

या सगळ्या काळात डोळ्याची राखण विसरता कामा नये. जो डोळा मिटत नाही तो वाळतो, आणि वाळलेल्या डोळ्याच्या बुबुळाला व्रण होऊन दृष्टीही जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीने मिटवून ठेवणे, घराबाहेर पडताना चष्मा, हे नेमाने करावे. फार दिवस लागणार असतील तर वरच्या पापणीत सुमारे एक ग्रॅम वजनाची सोन्याची किंवा प्लॅटिनमची पट्टी बसवितात. तिच्या भाराने पापणी आपोआप खाली येते. दागिन्यांचे सोने लोकांना दिसावे म्हणून असते. हे सोने मात्र कोणाला दिसू नये यातच त्याचे सार्थक.

शेवटी वाचकांनी एवढे स्मरणात ठेवावे. चेहरा एका बाजूला हळूहळू ढिला होत असेल. त्याच बाजूला पुन्हा पुन्हा वारे जात असेल. ढिलेपणाबरोबर गाल फडफडत असेल. त्याच बाजूचा कान मंद झाला असेल किंवा कानाखाली गाठ लागत असेल. किंवा चार महिने होऊनही चेहऱ्यावर हालचाल नसेल, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला अवश्य दाखवावे. आणि गाठ निघालीच, तर शस्त्रक्रियेची तारीख विचारण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: माझा चेहरा आज कोणत्या पायरीवर आहे? शस्त्रक्रियेनंतर तो कोणत्या पायरीवर येईल? आणि थांबलो तर मी काय गमावीन? ही तिन्ही उत्तरे ऐकून घेतल्यावर डॉक्टर "आज नको" म्हणाले, तर ते कचरले असे समजू नये. त्यांनी तुमच्या हसण्याचा हिशेब केलेला असतो.